आधी मतपत्रिका बदला, मग तारखा: डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार निवड कशी सुधारावी?

आपला प्रश्न असा आहे: अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाला अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याची पद्धत खरोखर सुधारायची असेल, तर पन्नासही राज्यांत एकाच दिवशी प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारे मतदान) घेणे आणि सुपरडेलिगेट (मतदारांनी न निवडता आपल्या पदामुळे पक्षाच्या अधिवेशनात बसणारे पुढारी) कायमचे रद्द करणे, एवढे पुरेसे नाही का?

माझ्या मते हे दोन्ही उपाय मूळ दुखण्यापर्यंत पोहोचत नाहीत. आयोवातील डी मॉइन शहरात मी चौदा वर्षे राहिलो. तेथे २००८ च्या कॉकसमध्ये (प्रायमरीऐवजी होणाऱ्या पक्षाच्या प्रभागनिहाय सभांमध्ये) मदतनीस म्हणून आणि २०१६ मध्ये आमच्या प्रभागाच्या सभेचा अध्यक्ष म्हणून मी काम केले. पुढे नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आलो आणि येथेही पक्षाच्या स्थानिक कामात आहे. आयोवा रांगेत सर्वांत पुढे होते आणि न्यू जर्सी जवळजवळ शेवटी आहे. दोन्ही टोकांना उभे राहिल्यावर माझे मत असे बनले आहे की, सर्वांत आधी मतपत्रिका बदलली पाहिजे. मतदाराला एकाच नावापुढे खूण करायला न लावता १, २, ३ असा पसंतीक्रम देऊ द्यावा. तारखांची फेरमांडणी, प्रतिनिधींचे अधिकार आणि नोंदणीचे नियम हे विषय महत्त्वाचे आहेतच, पण त्यांचा क्रम त्यानंतरचा आहे.

असे का, हे समजण्यासाठी १९६८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध सुमारे ४२ टक्के मते मिळवली आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी शर्यतीतून माघार घेतली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये पक्षाच्या शिकागो अधिवेशनात, जेथे राज्यांचे प्रतिनिधी मत देऊन उमेदवार ठरवतात, उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना, आणि त्यांनी एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. हे शक्य झाले, कारण बहुतेक राज्यांत अधिवेशनाचे प्रतिनिधी पक्षाचे स्थानिक पुढारी ठरवत असत. काही राज्यांत ही निवड निवडणुकीचे वर्ष उजाडण्यापूर्वीच उरकलेली असे. महाराष्ट्रात एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो हे बंद दाराआड ठरते, त्याचीच ही अमेरिकी आवृत्ती होती. फरक इतकाच की, येथे अधिवेशन चालू असताना शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस तरुणांवर लाठ्या चालवत होते आणि सारा देश ते दूरचित्रवाणीवर पाहत होता.

त्या धक्क्यातून सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि नंतर काँग्रेस सदस्य डोनल्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. प्रतिनिधींची निवड निवडणुकीच्याच वर्षी व्हावी, सभांची सूचना आधी द्यावी आणि सामान्य पक्षसदस्याला भाग घेता यावा, असे नियम या आयोगाने घालून दिले. सर्व राज्यांनी प्रायमरी घ्यावी, असे आयोगाने कोठेही म्हटले नव्हते. पण राज्यांतील पक्षसंघटनांना या नियमांत बसण्याचा सर्वांत सोपा मार्ग प्रायमरीच वाटला, आणि काही वर्षांतच प्रायमऱ्यांची संख्या दुपटीच्या घरात गेली. आयोवाला पहिला क्रमांक मिळाला तोही असाच, अनपेक्षितपणे. प्रभाग, काउंटी, जिल्हा आणि राज्य अशा चार पायऱ्यांमध्ये ठरावीक दिवसांचे अंतर हवे, असा नियम आल्यामुळे पहिली पायरी मागे सरकत १९७२ मध्ये २४ जानेवारीवर आली. चार वर्षांनी जिमी कार्टर यांनी त्या तारखेचा उपयोग ओळखला. १९७६ च्या आयोवा कॉकसमध्ये पहिल्या क्रमांकावर ‘कोणालाही बांधील नाही’ हा गट होता आणि कार्टर त्याच्या मागे होते, तरीही दुसऱ्या दिवसापासून देशाला त्यांचे नाव ठाऊक झाले.

म्हणजे आज ज्या वेळापत्रकावर सगळे चिडतात, ते कोणी विचारपूर्वक आखलेले नाही. ते साचत गेले आहे. सुधारणेचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण येथे प्रत्येक दुरुस्तीने पुढच्या दुरुस्तीची गरज निर्माण केली आहे. १९७२ मध्ये नव्या नियमांनी निवडलेले मॅकगव्हर्न ४९ राज्ये हरले, तेव्हा पुढाऱ्यांना वाटू लागले की आपण प्रक्रियेतून फारच बाहेर फेकलो गेलो. त्यातून १९८२ मध्ये गव्हर्नर जेम्स हंट यांच्या आयोगाने सुपरडेलिगेटांची तरतूद केली.

आता २०१६ मधील माझ्या प्रभागाची संध्याकाळ सांगतो, कारण पसंतीक्रमाविषयीचे माझे मत तेथे बनले. १ फेब्रुवारीची थंडी होती. शाळेच्या व्यायामशाळेत १८६ माणसे मोजली गेली. नियम असा होता की, ज्या गटाला हजर संख्येच्या १५ टक्के माणसे जमत नाहीत तो गट टिकत नाही. १८६ चे १५ टक्के २७.९, म्हणजे टिकायला २८ माणसे हवीत. बास्केटबॉलच्या एका जाळीखाली बर्नी सँडर्स यांचे ९१ समर्थक उभे राहिले, दुसऱ्या जाळीखाली हिलरी क्लिंटन यांचे ८४, आणि मधल्या भिंतीशी मार्टिन ओ’मॅली यांचे ११. ते अकरा बाद झाल्याचे मी जाहीर केले. त्यानंतर अर्धा तास दोन्ही बाजूंचे शेजारी त्यांच्याशी बोलत राहिले. एक निवृत्त शिक्षिका बराच वेळ जागची हलली नाही. मग तिने कोट उचलला आणि शांतपणे क्लिंटन यांच्या गटाकडे चालत गेली. अकरांपैकी सहा तिकडे गेले, चार सँडर्स यांच्याकडे, आणि एक जण घरी निघून गेला. आमच्या प्रभागाच्या वाट्याला आठ प्रतिनिधी होते. ते चार-चार वाटले गेले.

या सभेतील दोष मला तेव्हाही स्पष्ट दिसत होते. रात्रपाळीला जाणारी एक परिचारिका दाराशी येऊन किती वेळ लागेल ते विचारून परत फिरली होती, आणि तिच्यासाठी टपाली मताची सोय नव्हती. लहान मुले असलेली कित्येक घरे आलीच नाहीत. ९५ आणि ९० या दोन्ही आकड्यांचे पूर्णांकात चार-चारच होतात, हे एका वडीलधाऱ्या गृहस्थांना मी तीनदा समजावले तरी त्यांचे समाधान झाले नाही, आणि मला वाटते त्यांचेच बरोबर होते. पण एक गोष्ट या सभेत होती, जी अमेरिकेतील जवळजवळ कोणत्याही प्रायमरीत नसते. ज्याचा उमेदवार बाद झाला त्याला विचारले जात होते: आता तुमची दुसरी पसंती कोण? कॉकस गेले ते योग्यच झाले, परंतु हा प्रश्न त्याबरोबर जायला नको होता.

मतपत्रिकेवर हा प्रश्न नसला की काय होते, ते २०२० मध्ये साऱ्या देशाने पाहिले. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात जो बायडन यांनी मोठा विजय मिळवला. त्यानंतर १ मार्चला पीट बुटिजेज आणि २ मार्चला एमी क्लोबुशार शर्यतीतून बाहेर पडले. ३ मार्चला सुपर ट्यूसडे होता, चौदा राज्यांचे मतदान. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांत तोपर्यंत असंख्य मतदारांनी टपालाने मत पाठवून दिलेले होते, आणि त्यांतील कितीतरी मते आता मैदानातच नसलेल्या उमेदवारांच्या नावावर होती. ती परत घेता येत नव्हती, दुसऱ्या कोणाकडे वळवताही येत नव्हती. या मतदारांनी वेळेवर आणि नियमाप्रमाणे मत दिले होते. त्यांची चूक एवढीच की, ते पक्षाच्या घडामोडींपेक्षा चार दिवस आधी टपालपेटीपाशी गेले.

त्याच वर्षी चार लहान राज्यांनी वेगळे काही करून दाखवले, पण त्याची चर्चा फार थोडी झाली. अलास्का, वायोमिंग, कॅन्सस आणि हवाई येथे पक्षाने स्वतः मतदान घेतले आणि मतदारांना पसंतीक्रम लिहायला सांगितले. मोजणीची रीत साधी होती. सर्वांत कमी मते असलेल्या उमेदवाराला बाद करायचे, त्याची मते पुढच्या पसंतीकडे द्यायची, आणि उरलेल्या प्रत्येकाकडे किमान १५ टक्के मते येईपर्यंत हे करत राहायचे. शेवटी जे उरतील त्यांच्यात त्या प्रमाणात प्रतिनिधी वाटायचे. माघार घेतलेल्या उमेदवाराला दिलेले पहिले मत येथे वाया गेले नाही, ते पुढे सरकले.

महाराष्ट्रातील वाचकाला हे नवे वाटू नये. विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे, त्यांनी केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनाने हेच आकडे लिहिलेले असतात, आणि मतमोजणीच्या रात्री ‘पहिल्या पसंतीची मते’, ‘कोटा’, ‘बाद फेरी’ हे शब्द बातम्यांत ऐकलेले असतात. अमेरिकेतील चर्चेत मात्र ‘मतदार गोंधळेल’ हा आक्षेप पहिल्या पाच मिनिटांत येतो. पदवीधर मतदारसंघातील आकडेमोड कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, हे खरे आहे, आणि निकालाला उशीर लागणे हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. परंतु तीन नावांना क्रम देणे मतदाराला जमत नाही, हे मला कदापि मान्य नाही. बाजारात हव्या त्या आंब्याची पेटी नसली तर आपण दुसरी कोणती घेणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

आता एकाच दिवशी देशभर प्रायमरी घेण्याविषयी. ही कल्पना ऐकायला न्याय्य आहे, कारण तिच्यात प्रत्येक राज्याचे मत एकाच वेळी मोजले जाते. पण ती आजच्या मतपत्रिकेसह राबवली, तर आठ-दहा उमेदवारांच्या गर्दीत २५ ते ३० टक्के मते मिळवणारा पहिला ठरेल, आणि उरलेल्या ७० टक्क्यांना तो चालतो की नाही हे कोणी विचारणारच नाही. रिपब्लिकन पक्षात २०१६ साली साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते मिळाली आणि तेथील सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्याकडे गेले. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे इतका टोकाचा परिणाम होत नाही. पण मग एकाच दिवसाच्या निकालात कोणालाच बहुमत न मिळण्याची शक्यता वाढते, आणि निर्णय पुन्हा अधिवेशनातील वाटाघाटींकडे जातो. १९६८ नंतर ज्यापासून पळालो, तेथेच परत.

दुसरी अडचण पैशाची आणि ओळखीची आहे. २००७ च्या अखेरीस देशभरच्या जनमत चाचण्यांत हिलरी क्लिंटन मोठ्या फरकाने पुढे होत्या. त्या आठवड्यात देशभर मतदान झाले असते तर बराक ओबामा यांना उमेदवारी मिळाली असती, असे म्हणण्यास मला काहीच आधार दिसत नाही. ३ जानेवारी २००८ ला, ओबामा जिंकले त्या आयोवा कॉकसच्या रात्री, आमच्या मदतनिसांच्या खोलीत नोंदणीचे कागद संपले आणि आम्ही शाळेच्या कार्यालयातून प्रती काढून आणल्या. पहिल्यांदाच आलेले इतके तरुण त्या रांगेत होते. ते एका राज्यात महिनोन्‌महिने घरोघरी फिरून झालेल्या कामामुळे आले होते. टप्प्याटप्प्याच्या निवडीत चूक सुधारायलाही वाव राहतो. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. निवड तेथेच आटोपली असती, तर साउथ कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांना, म्हणजे पक्षाच्या सर्वांत निष्ठावान मतदारांना, बोलण्याची संधीच मिळाली नसती.

म्हणून टप्पे ठेवावेत. आक्षेप आहे तो दर वेळी त्याच राज्यांनी पुढे असण्याला. येथे न्यू जर्सीत आमची प्रायमरी जूनमध्ये असते. ७ जून २०१६ ला आम्ही मत द्यायचे होते, आणि ६ जूनच्या रात्रीच असोसिएटेड प्रेसने जाहीर केले की, क्लिंटन यांच्याकडे पुरेसे प्रतिनिधी झाले आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांचे मतदान व्हायचे होते. शिवाय त्या बेरजेत सुपरडेलिगेटांना फोन करून विचारलेली मते धरलेली होती. सँडर्स यांच्यासाठी दारोदार फिरलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी मतदानाला जा, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

देशाचे चार विभाग करावेत, त्यांनी महिन्याच्या अंतराने मतदान करावे आणि दर चार वर्षांनी त्यांचा क्रम फिरावा, अशी योजना राज्यांच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या निवडणूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्येच मांडली आहे. मला ती मूलतः पटते. विभागांच्या आधी दोन-तीन लहान राज्ये ठेवावीत, पण तीही सोडत काढून ठरवावीत, एवढी एक भर मी घालीन.

तरीही मी हे पहिले काम का मानत नाही, ते सांगतो. प्रायमरीच्या तारखा पक्ष ठरवत नाही, राज्यांची विधिमंडळे ठरवतात, आणि बहुतेक ठिकाणी खर्चही राज्यच करते. पक्षाच्या हाती एकच हत्यार आहे: नियम मोडणाऱ्या राज्याचे प्रतिनिधी नाकारणे किंवा त्यांचे मत अर्धे करणे. हे हत्यार उगारले जाते, पण चालवले जात नाही. २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी आगाऊ मतदान केले, पक्षाने शिक्षा केली, आणि डेन्व्हरच्या अधिवेशनात त्यांना पूर्ण मताधिकार परत मिळाला. २०२४ साठी पक्षाने साउथ कॅरोलायनाला ३ फेब्रुवारीची पहिली तारीख दिली. न्यू हॅम्पशायरचा कायदा म्हणतो की, आमची प्रायमरी इतरांच्या किमान सात दिवस आधी झालीच पाहिजे. त्या राज्याने २३ जानेवारीला मतदान घेतले. बायडन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते, मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले, आणि शेवटी त्या राज्याचे प्रतिनिधी अधिवेशनात बसलेच. ज्या राज्यात पक्षाची सत्ताही नाही, त्याचा कायदा पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या ठरावाने बदलत नाही. ही लढाई वीस वर्षांची आहे. पसंतीक्रमाची मतपत्रिका मात्र एकेका राज्यात, कोणाचाही क्रमांक न हिसकावता आणता येते, आणि वेळापत्रकाचे बरेचसे नुकसान ती आजच कमी करते.

सुपरडेलिगेटांविषयी थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये शिकागोच्या बैठकीत पक्षाने ठरवले की, लढत झाली असेल तर अधिवेशनातील मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना मत नाही. हा तोडगा योग्य आहे आणि तो तसाच राहू द्यावा. त्यांना दुसऱ्या फेरीतूनही काढले, तर अधिवेशन अडकले असताना गव्हर्नर, खासदार अशी जाणती माणसे नुसती बघत बसतील.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न साध्या, निवडून आलेल्या प्रतिनिधींचा आहे, आणि तो २०२४ मध्ये समोर आला. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि ५ ऑगस्टपर्यंत ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांची उमेदवारी पक्की झाली. ज्यांनी हे ठरवले, त्या सुमारे चार हजार माणसांची नावे किती मतदारांना ठाऊक होती? पक्षाचा नियम त्यांना सांगतो की, ज्यांनी निवडून दिले त्यांच्या भावनेचे सदसद्विवेकाने प्रतिबिंब उमटवा. पण उमेदवारच नसेल तर ही भावना ओळखायची कशावरून? मतपत्रिकांवर दुसरी पसंती नोंदवलेली असती, तर प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती निदान एक कागद असता. पक्षाकडे तोंडी कुजबुज आणि फोनच होते. हॅरिस यांच्याविषयी माझी तक्रार नाही, मी स्वतः त्यांच्यासाठी काम केले. पण असा प्रसंग पुन्हा येऊ शकतो, आणि त्या वेळी सर्वमान्य असे एकच नाव पुढे असेलच, असे नाही.

प्रायमरी सर्वांना खुली असावी की नोंदणीकृत पक्षसदस्यांपुरती, हा वाद मी येथे लांबवत नाही. पक्षाचा उमेदवार पक्षाशी नाते सांगणाऱ्यांनी निवडावा, हे मला मान्य आहे. अट एवढीच की, ते नाते जोडण्याची मुदत मतदानाच्या जवळ असावी. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २०१६ च्या प्रायमरीत मत द्यायचे, तर आधीच्या नोंदणीतून पक्ष बदलण्याची शेवटची तारीख ऑक्टोबर २०१५ होती. असा नियम मतदाराला बाहेर ठेवण्यासाठीच असतो. पुढे तो बदलला गेला, ते चांगले झाले.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी नागरिकांपैकी कोणाला या कामात उतरायचे असेल, तर वाट अशी आहे. निवडणुकीच्या आदल्या वर्षी प्रत्येक राज्यातील पक्ष प्रतिनिधी निवडीच्या योजनेचा मसुदा तयार करतो आणि तो राष्ट्रीय समितीकडे जाण्यापूर्वी ३० दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. हा मसुदा फार थोडे लोक वाचतात. त्यावर लिहून पाठवा. जेथे पक्ष स्वतः मतदान घेतो, तेथे थेट पसंतीक्रमाची मागणी करा, कारण २०२० मध्ये चार राज्यांच्या अशा योजना राष्ट्रीय समितीने मान्य केलेल्या आहेत. जेथे राज्य सरकार मतदान घेते, तेथे कायदा बदलावा लागेल, म्हणून त्याच पत्राची प्रत आपल्या मतदारसंघातील आमदाराला द्या. पत्र एका पानाचे असावे, त्यात १५ टक्क्यांच्या अटीसह मोजणी कशी होईल याचे एक आकड्यांचे उदाहरण असावे, आणि शेवटी आपला पत्ता व प्रभाग क्रमांक असावा. आमच्या काउंटीत आम्ही सात जणांनी असे पत्र तयार केले आहे, आणि त्यात उदाहरण म्हणून त्या व्यायामशाळेतील ९१, ८४ आणि ११ हेच आकडे घेतले आहेत.